सासूबाई राहतात टेक्सासला, पण मोजायच्या न्यू जर्सीत : एका आय-८६४ ची अख्खी केस

मी भुसावळला इन्कम टॅक्स आणि जीएसटीची कामं करतो, अमेरिकेचा व्हिसा हा माझा धंदा नाही. पण घरात एक जण टॅक्सवाला असला की जगातल्या सगळ्या कागदांना तोच जबाबदार, अशी आमच्या खान्देशात पद्धत आहे. त्यामुळे मामेबहिणीची, नवऱ्याकडे अमेरिकेला जायच्या व्हिसाची केस माझ्याच टेबलावर आली आणि वर्षभर तिथेच पडून होती. यात आय-८६४ नावाच्या, बायकोची पैशाची जबाबदारी घ्यायच्या फॉर्मवर एक मोठी चूक झाली, ती अर्धी जावईबापूंची आणि अर्धी माझी. नावं कुणाचीच देत नाही, आकडे मात्र सगळे देतो, कारण या प्रकरणात गोष्ट आकड्यांमध्येच आहे.

मामा अमळनेरचे. बहीण जळगावला इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवायची. जावईबापू मूळ फैजपूरकडचे, शाळेत असतानाच वडिलांबरोबर अमेरिकेला गेले, आता तिथले सिटिझन, मुक्काम न्यू जर्सी. वडील वारले, आईला त्यांनी २०२२ मध्ये ग्रीन कार्डवर नेलं (हे वाक्य लक्षात ठेवा). लग्न डिसेंबर २०२३ मध्ये अमळनेरला झालं. फैजपूरला मग भरीत-पुरीचा कार्यक्रम, त्यात जावईबापूंनी दोन मिरच्या जास्त खाल्ल्या आणि रात्रभर पाणी पीत बसले, असो. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी आय-१३०, म्हणजे बायकोला आणायचा पहिला अर्ज, ऑनलाइन भरला, फी ६२५ डॉलर. तो मंजूर झाला आणि २०२५ च्या सुरुवातीला फाइल एनव्हीसीकडे, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेली. तिथे अजून दोन फिया, व्हिसाची ३२५ आणि सपोर्टच्या कागदांची १२०. इथपर्यंत सगळं सुतासारखं सरळ.

मग आला आय-८६४. ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट म्हणतात त्याला, पण आपण कोर्टात करतो तसलं हे प्रतिज्ञापत्र नाही. हा नवऱ्याने अमेरिकन सरकारशी केलेला करार आहे, की ही बाई माझ्या भरवशावर येतेय, हिला सरकारी मदतीवर जगायची वेळ येऊ देणार नाही, आणि आलीच तर सरकार ते पैसे माझ्याकडून वसूल करू शकतं. बायको स्वतःसुद्धा त्या सहीच्या जोरावर कोर्टात जाऊ शकते. डिसेंबर १९९७ पासून हा फॉर्म या रूपात चालू आहे. नोटरी लागत नाही, शाईने सही करून स्कॅन टाकायचं. नियम वाचला तर एका ओळीचा आहे. तिथलं सरकार दरवर्षी गरिबीची रेषा जाहीर करतं, तुमच्या घरात जितकी माणसं त्या ओळीतला आकडा घ्यायचा आणि तुमचं उत्पन्न त्याच्या १२५ टक्के तरी पाहिजे. २०२५ चा आकडा दोन माणसांना २६,४३७ डॉलर, तिघांना ३३,३१२, चौघांना ४०,१८७. अलास्का आणि हवाईचे वेगळे आहेत, जास्त. लष्करात ड्युटीवर असलेल्याला बायकोसाठी १०० टक्क्यांवर चालतं. बस एवढंच. आणि या एवढ्याशा नियमातल्या दोन शब्दांनी आम्हाला रडवलं, एक 'उत्पन्न' आणि दुसरा 'घर'.

आधी उत्पन्नाचं सांगतो कारण ते माझ्या पोटापाण्याचं आहे.

जावईबापू आयटीत होते, २०२३ मध्ये कंपनीने माणसं कमी केली त्यात गेले, मग त्यांनी एक मोठी व्हॅन घेऊन मालवाहतुकीचं स्वतःचं काम सुरू केलं. फोनवर मला म्हणाले, दादा काही टेन्शन नाही, मागच्या वर्षी अठ्ठ्याहत्तर हजाराचा धंदा झाला. मी म्हटलं ठीक, मग २६ हजाराचा काय प्रश्न. पण सवयीने रिटर्न मागवलं. १०४० नावाचा त्यांचा मुख्य फॉर्म असतो, त्यात ९ नंबरची ओळ म्हणजे टोटल इन्कम, आय-८६४ मध्ये तोच आकडा धरतात. तिथे होते १९,८०० डॉलर. बाकीचे कुठे गेले? डिझेल, इन्शुरन्स, रिपेअरिंग, टोल, आणि सगळ्यात मोठा घास व्हॅनच्या घसाऱ्याने खाल्ला होता. त्यांच्या तिथल्या अकाउंटंटने टॅक्स वाचवायला जे जे करता येतं ते सगळं केलेलं, त्याचं काम त्याने चोख केलं, त्याला काय माहीत या माणसाला बायको आणायची आहे.

हे आपल्याकडे रोज बघतो मी. होम लोन काढायच्या दोन वर्षं आधी लोक ऑफिसला येतात आणि म्हणतात साहेब जरा इन्कम वाढवून दाखवा, आणि लोन मंजूर झालं की म्हणतात आता कमी करा. जावईबापूंनी पण विचारलंच, की घसारा काढून रिटर्न सुधारून भरू का, तिकडे तशी सोय आहे. मी म्हटलं खर्च खोटा असेल तर जरूर सुधारा, पण खर्च खरा आहे ना, मग फक्त व्हिसासाठी आकडा फुगवायला रिटर्नला हात लावू नका, एकाच वर्षाचे दोन आकडे सरकारपुढे ठेवणारा माणूस दोन्हीकडून संशयात येतो. हे माझं मत, बाकी त्यांनी त्यांच्या माणसाला विचारावं. चालू वर्षाचं उत्पन्न मागच्या वर्षापेक्षा जास्त असेल तर तेही दाखवता येतं, पगारदाराला सोपं आहे, कंपनीचं पत्र आणि सहा महिन्यांच्या स्लिपा जोडल्या की झालं. स्वतःच्या धंद्याला स्वतःच पत्र कसं देणार, आणि तसंही धंदा होता तिथेच होता.

मग राहिली मालमत्ता. उत्पन्न कमी पडलं तर कमी पडलेल्या रकमेच्या पटीत मालमत्ता दाखवायची. स्पॉन्सर, म्हणजे ही सही करून माणूस आणणारा, अमेरिकन सिटिझन असेल आणि बायकोला किंवा नवऱ्याला आणत असेल तर तिप्पट, नाहीतर बहुतेकांना पाचपट. म्हणजे नवरा नुसता ग्रीन कार्डवाला असता तर आम्हाला पाचपट लागली असती. आणि यातली गोड गोष्ट अशी, की जी मुलगी चालली आहे तिची स्वतःची मालमत्ताही धरतात, ती भारतात असली तरी. अट एवढीच की वर्षभरात विकून रोख करता आली पाहिजे. जावईबापूंकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, व्हॅन धंद्याची, आणि घरची गाडी एकच असेल तर ती धरत नाहीत.

आमचा पहिला हिशोब असा झाला. दोन माणसांना २६,४३७, आहेत १९,८००, कमी पडले ६,६३७, तिप्पट केले १९,९११ डॉलर. तेव्हा डॉलर शहाऐंशीच्या आसपास होता, म्हणजे सव्वासतरा लाख धरा.

आणि इथे अमळनेर मदतीला आलं. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, आज जगभर आयटीसाठी ओळखली जाणारी विप्रो कंपनी १९४५ मध्ये अमळनेरला तेल-तुपाची गिरणी म्हणून सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचं मूळ नाव, वनस्पती तूप करायची. गावातल्या बऱ्याच घरांनी त्या काळात तिचे शेअर घेऊन ठेवले, काहींनी विकले आणि जन्मभर हळहळले, काहींनी पेटीत ठेवले आणि विसरले. बहिणीचे आजोबा विसरणाऱ्यांतले. त्यांनी जाण्याआधी थोडे शेअर नातीच्या डीमॅटला गिफ्ट करून टाकले होते, २,४०० होते, डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस आला आणि ४,८०० झाले. नग डबल पण भाव निम्मा, अडीचशेच्या आसपास, म्हणजे बारा लाख. (मामींना वाटलं पैसे पण डबल झाले, त्यांना ते समजवायला एक अख्खी दुपार गेली.) शिवाय नोकरीच्या पगारातून केलेली नऊ लाखाची एफडी, २०२२ पासूनची. एकवीस लाख, म्हणजे चोवीस हजारांवर डॉलर. पाहिजे होते वीस हजारांच्या आत. बँकेचं पत्र घेतलं, त्यात खातं कधी उघडलं, वर्षभरात किती जमा झाले आणि आज किती आहेत हे तिन्ही लिहून घ्यायचं असतं ते घेतलं, बारा महिन्यांचं स्टेटमेंट, डीमॅटचं स्टेटमेंट, डॉलरचा भाव कुठल्या तारखेचा धरला तो कागद. फाइल अशी सजली की मलाच माझं कौतुक वाटलं.

एनव्हीसीने कागद पूर्ण आहेत म्हणून कळवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईला इंटरव्ह्यूची तारीख लागली. मामा, बहीण आणि मी, तिघं अमळनेरहून खान्देश एक्सप्रेसने निघालो, दादरला उतरलो, आंघोळी करून बीकेसीला अमेरिकन वकिलातीत पोचलो. आत ती एकटी गेली, मोबाइल माझ्याकडे. तासाभरात बाहेर आली ती हातात एक कागद घेऊन. चेहऱ्यावरूनच कळलं.

कागदावर २२१-जी लिहिलं होतं. घाबरायचं नाही, हे कायमचं रिजेक्शन नसतं, अमुक कागद कमी आहे तो आणा म्हणजे पुढे बघू असा त्याचा अर्थ, आणि त्यासाठी वर्षभराची मुदत असते. पण मामांना ते कोण सांगणार, ते तिथेच फुटपाथवर बसले. मी तिला विचारलं नेमकं काय झालं. म्हणाली, दादा, लग्नाचे फोटो बघितले, ओळख कशी झाली विचारलं, सगळं छान चाललं होतं. मग ऑफिसरबाईने विचारलं, तुमच्या नवऱ्याने याआधी कुणाला स्पॉन्सर केलंय का? मी म्हटलं हो, सासूबाईंना. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं आणि म्हणाल्या, मग त्या यात का नाहीत?

तर 'घर' या शब्दाचं हे असं आहे. आपण घर म्हणजे एका छताखाली राहणारी माणसं समजतो, रेशनकार्डावर असतात तशी. आय-८६४ मध्ये घर म्हणजे तुमची जबाबदारी कुणाकुणावर बांधली गेली आहे ते. स्वतः धरायचं, बायको-नवरा, लहान मुलं, टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबून दाखवलेले, आता जो येतोय तो, आणि याआधी आय-८६४ सही करून आणलेलं प्रत्येक माणूस, जोवर ती जुनी सही जिवंत आहे तोवर. एकच माणूस दोन ठिकाणी बसत असेल तर एकदाच मोजायचं. सासूबाई न्यू जर्सीत राहतच नाहीत, त्या टेक्सासला मुलीकडे असतात, नातवंडं सांभाळतात, जावईबापूंच्या घरी दिवाळीला येतात. पण २०२२ मध्ये चांगला पगार असताना मुलाने त्यांच्यासाठी सही केली होती आणि ती सही अजून चालू आहे. फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळी ओळ आहे. मी ती वाचली होती. जावईबापूंनी तिथे शून्य टाकलेलं मी बघितलं होतं. मी त्यांना विचारलं काय होतं, तर घरात किती जण? ते म्हणाले आम्ही दोघंच. प्रश्नच चुकला, तर उत्तर बरोबर कुठून येणार. विचारायला पाहिजे होतं, की आजपर्यंत कुणाकुणासाठी सही दिली आहे?

बहिणीने खरं सांगितलं हे फार बरं झालं. तिने गडबडून नाही म्हटलं असतं आणि रेकॉर्डला आईची फाइल निघाली असती, तर गोष्ट कागद कमी असण्यावरून खोटं बोलण्यावर गेली असती, आणि खोटं बोलून व्हिसा मागितला असा शिक्का बसला की तो जन्मभर पुसत नाही.

परतीच्या गाडीत मी मोबाइलवर नवीन हिशोब केला. तीन माणसं, ३३,३१२. कमी पडतात १३,५१२. तिप्पट ४०,५३६ डॉलर. तोवर डॉलर अठ्ठ्याऐंशीला गेला होता, म्हणजे साडेपस्तीस लाखाच्या वर. आपल्याकडे एकवीस. एक माणूस वाढलं आणि गरज दुपटीवर गेली, हा तिपटीचा गुण. शेअर आहे तिथेच, रुपया घसरलेला, आणि खड्डा साडेचौदा लाखाचा.

पुढचे पंधरा दिवस गावाने सल्ले दिले.

मामांचा पहिला विचार जमिनीचा. सातबारा घेऊन आले माझ्याकडे, म्हणाले ही घे, कापसाची जमीन, काय किंमत धरायची ती धर. मी सातबारा उघडला तर त्यावर मामांचं, दोन भावांचं आणि वारस म्हणून माझ्या आईचंसुद्धा नाव. बहिणीचं नाव कुठेच नाही. बापाची जमीन ही मुलीची मालमत्ता नाही, निदान या फॉर्मपुरती नाही. आणि वाटणी करून तिच्या नावावर केली तरी वर्षात रोख होईल हे कसं दाखवणार, शेतजमीन आपल्याकडे शेतकऱ्यालाच विकता येते, गिऱ्हाईक आधीच मोजके. मग म्हणाले, विकूनच टाकतो माझा हिस्सा आणि पैसे पोरीच्या खात्यात टाकतो. हे नियमात बसतं, बाप मुलीला गिफ्ट देऊ शकतो आणि तिला त्यावर टॅक्स पण नाही. पण खात्यात एकदम पंधरा लाख आले की ते कुठून आले याचे खरेदीखतापासून सगळे कागद लागणार, आणि मुख्य म्हणजे नुसत्या एका फॉर्मच्या ओळीसाठी वडिलोपार्जित जमीन विकायची? मी म्हटलं मामा, पंधरा दिवस थांबा, काही सही करू नका.

दुसरा सल्ला, सीएकडून नेटवर्थ सर्टिफिकेट काढा, शेजाऱ्याच्या पोराचं असंच झालं होतं. त्या पोराचा स्टुडंट व्हिसा होता. तिथे बापाची ऐपत बघतात, फी कोण भरणार म्हणून. इमिग्रंट व्हिसाला सासऱ्याचं नेटवर्थ कुणी विचारत नाही. हे दोन व्हिसे लोक इतके मिसळतात की विचारू नका, माझ्याकडे अजूनही मुलीला नवऱ्याकडे पाठवायला म्हणून बापाचे तीन वर्षांचे आयटीआर घेऊन लोक येतात.

तिसरा सल्ला सोन्याचा, मामींचा. जळगावचं सोनं, लग्नातलं, पावत्यांसकट. पावत्या, व्हॅल्युएशन सगळं जमवता आलं असतं, पण घरातलं सोनं कुणाचं आणि उद्या कुठे असेल हे सिद्ध करत बसण्यापेक्षा मला बँकेतला आकडा बरा वाटतो. मामींना मात्र ते लागलं, सोन्याला नाही म्हणणारं सरकार त्यांनी पहिल्यांदा बघितलं.

आणि चौथा एक एजंट, जवळच्याच शहरातला. म्हणाला चाळीस लाख तुमच्या पोरीच्या खात्यात टाकतो, दोन महिने ठेवतो, दोन टक्के द्या, काम झालं की परत. मी फोन ठेवला. मामांना म्हटलं पुन्हा याचा फोन घेतला तर मी या केसमधून बाहेर. खोट्या पैशावर व्हिसा म्हणजे तोच जन्माचा शिक्का, आणि वर बारा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये तो पैसा कालच आलाय हे शेंबडं पोरही सांगेल.

खरं उत्तर पैशाचं नव्हतंच, माणसाचं होतं. त्याला जॉइंट स्पॉन्सर म्हणतात. नात्यातला असो की नसो, अमेरिकन सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला, अठरा वर्षांवरचा, अमेरिकेत राहणारा कुणीही स्वतःचा वेगळा आय-८६४ भरू शकतो. त्याने स्वतःच्या घरची माणसं अधिक येणारी मुलगी एवढ्यांचं उत्पन्न एकट्याने दाखवायचं, नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवून नाही. आणि नवऱ्याचा फॉर्म त्याने रद्द होत नाही. नवऱ्याचं उत्पन्न शून्य असलं तरी त्याचा फॉर्म लागतोच, दोन्ही सोबत जातात. आमच्या केसमध्ये तर तो दुरुस्त करून नव्याने द्यायचाच होता, आईची ओळ भरून.

आता वाटेल, खान्देशातली इतकी पोरं अमेरिकेत आहेत, एक सही काय अवघड. मी यादी केली. मामांच्या भावकीतले, माझ्या वर्गातले, जावईबापूंचे मित्र, चौदा जण निघाले. पगार विचाराल तर एकेकाचा दीड-दोन लाख डॉलर. आणि चौदातले अकरा एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. ते चालत नाहीत. घर घेतलंय, मुलं तिथे जन्मली, दहा-दहा वर्षं टॅक्स भरतात, ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहेत, पण ही सही करायचा हक्क त्यांना नाही. एक जण तर म्हणाला, दादा माझीच बाजू घ्यायला कुणी नाही, मी कुणाला स्पॉन्सर करू.

उरले तीन. एक मित्र, ज्याचा डिव्होर्स चालू होता, त्याला विचारलंच नाही. दुसरे जावईबापूंचे चुलतकाका, सिटिझन, कॅलिफोर्नियात, पैशाने भरपूर. त्यांनी फॉर्म मागवला, आठवडाभर वाचला आणि नाही म्हणाले. फैजपूरला यावरून फार बोललं गेलं, भावाच्या पोरासाठी सही करवत नाही वगैरे, लग्नाच्या पंगतीपर्यंत गोष्टी गेल्या. मला विचाराल तर काकांनी काहीच चूक केली नाही. त्यांनी वाचून नाही म्हटलं. न वाचता हो म्हणणारा मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण याच केसमध्ये २०२२ ची सही कुणी आठवणीत ठेवली नव्हती म्हणून तर आम्ही इथे आलो.

तिसरी नणंद. टेक्सासवाली, जिच्याकडे सासूबाई राहतात. ग्रीन कार्ड आहे, मेडिकल बिलिंगचं काम करते, पगार ४१,००० डॉलर. तिचं घर मोजलं. ती, नवरा, दोन मुलं, चार. आमची बहीण पाच. आणि सासूबाईंना ती टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबून दाखवते, म्हणजे त्या इथेही मोजायच्या, सहा. राहतात एका ठिकाणी, मोजल्या जातात दोन्ही ठिकाणी, म्हातारीला सांगितलं तर म्हणाली, मग जेवण पण दोन्हीकडचं पाठवा रे. सहा जणांचा आकडा ५३,९३७. नणंदेचा पगार एकटा पुरत नाही, पण तिच्या नवऱ्याची नोकरी आहे आणि घरात राहणाऱ्या माणसाचं उत्पन्न मिळवता येतं, त्याने आय-८६४ए नावाच्या जोडफॉर्मवर सही करायची. दोघांचे मिळून ९६,००० होत होते. म्हणजे सगळं दाजींच्या, नणंदेच्या नवऱ्याच्या, सहीवर आलं.

दाजी आमच्याच जिल्ह्यातले, चोपड्याकडचे, स्वभावाने कडक. व्हिडिओ कॉल लावला, तिकडे ते दोघं आणि म्हातारी, मध्ये जावईबापू, इकडे मी, मामा-मामी आणि बहीण. दाजी म्हणाले, आधी मला सांगा ही सही सुटते कधी. मी म्हटलं, तुमच्यापासून काही लपवत नाही. ती सिटिझन झाली तर सुटते, ती कायमची अमेरिका सोडून गेली तर सुटते, कुणी वारलं तर सुटते, आणि तिच्या खात्यावर चाळीस क्वार्टर झाले तर सुटते. डिव्होर्स झाला तरी सुटत नाही.

मामा एकदम उठून उभे राहिले. माझ्या पोरीच्या खात्यावर क्वार्टर? चाळीस? ती कधी शिवली नाही, आमच्या घराण्यात कुणी शिवलं नाही!

कॉलवर दोन मिनिटं कुणालाच बोलता येईना. म्हातारी तर डोळे पुसत होती. शेवटी दाजींनीच हसत समजावलं, की मामा, बाटलीचं नाही हो, कामाच्या तिमाहीचं. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेचे, क्रेडिट असतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमाईला एक क्रेडिट. चाळीस म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली जी त्यांना माहीत नव्हती, की लग्नानंतर नवऱ्याने केलेल्या कामाचे क्वार्टरही बायकोच्या हिशोबात धरतात, लग्न टिकून असेल तर. म्हणजे लग्न झाल्यापासून जावईबापूंनी भरलेले धरले तर गाडी आधीच निघालेली आहे. आणि सिटिझनची बायको सोबत राहत असेल तर ग्रीन कार्डनंतर तीन वर्षांतच सिटिझनशिपला अर्ज करू शकते. दाजींनी मनात काहीतरी मांडलं, बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, पाठवा. पण एक अट, पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवावं लागतं म्हणे, ते मला विसरू देऊ नका. फॉर्म वाचलाय, हे लगेच कळलं. असा माणूस पाहिजे.

कागद पाठवताना फार वेळ गेला नाही. दोघांच्या सह्या, दोघांचं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा सरकारी उतारा (तो आयआरएसच्या, म्हणजे तिथल्या इन्कम टॅक्स खात्याच्या, साइटवरून फुकट मिळतो, रिटर्नच्या झेरॉक्स जोडत बसण्यापेक्षा हे बरं), डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला), नोकरीची पत्रं, नणंदेच्या ग्रीन कार्डची दोन्ही बाजूंची कॉपी. जावईबापूंचा दुरुस्त फॉर्म, आईची ओळ एक. सोबत एक छोटं पत्र, की पहिल्या फॉर्ममध्ये ही ओळ समजण्यात चूक झाली होती. बहिणीचे शेअर आणि एफडी तशीच ठेवली फाइलमध्ये, लागली नाही तरी दिसायला बरी. दरम्यान जावईबापू म्हणत होते की व्हिसा होईपर्यंत मीच तिकडे येऊन राहतो. त्यांना थांबवलं, स्पॉन्सरचं राहणं अमेरिकेत आहे हेही दाखवावं लागतं, उगाच आणखी एक प्रश्न कशाला.

नोव्हेंबरमध्ये पासपोर्ट व्हिसासकट आला. मामांनी दुसऱ्याच दिवशीचं तिकीट काढायला घेतलं होतं, ते मी अडवलं. कारण व्हिसावर लिहिलं होतं सीआर-१. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत शिरलं तर ग्रीन कार्ड मिळतं फक्त दोन वर्षांचं, सशर्त, आणि मुदत संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा फी, पुन्हा कागद. दोन वर्षं झाल्यावर शिरलं तर सरळ दहा वर्षांचं. डिसेंबरमध्ये दोन वर्षं पूर्ण होत होती आणि व्हिसाची मुदत फेब्रुवारीपर्यंत होती. महिनाभर थांबायचं होतं फक्त. बहीण चिडली, दोन वर्षं थांबले आता अजून थांबू? मी म्हटलं थांब, लग्नाचा वाढदिवस फोनवर कर. तिथल्या एअरपोर्टवर मॅरेज सर्टिफिकेट हातात ठेव आणि स्वतःहून सांग की दोन वर्षं झाली आहेत, मला आयआर-१ मध्ये, म्हणजे दहा वर्षांच्या कार्डवाल्यांत, घ्या. तिने सांगितलं, ऑफिसरने तारीख बघितली आणि बदलून दिलं. २३५ डॉलरची ग्रीन कार्डची फी जायच्या आधीच ऑनलाइन भरून ठेवली होती.

माझी फी म्हणून मामांनी कापसाच्या पैशातून काही देऊ केलं, ते घेतलं नाही, सातबाऱ्यावर आईचं नाव आहे म्हटलं तेवढं बस. आता ऑफिसला या कामासाठी कुणी आलं की मी रिटर्न नंतर मागतो. आधी मुलाला फोन लावायला सांगतो आणि एकच विचारतो, भाऊ, आजपर्यंत कुणाकुणासाठी सही केली आहे?

दाजींचा दर महिन्याला बहिणीला फोन असतो. नोकरी लागली का, हे विचारत नाहीत. विचारतात, क्वार्टर किती झाले?